कॉर्नेलिया सोराबजी : एका पदवीची तीस वर्षे

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तृतीय वर्षाची एक विद्यार्थिनी शिफारसपत्रासाठी माझ्याकडे आली होती. निफाडकडच्या एका द्राक्षबागायतदाराची मुलगी. इंग्रजी बेताचे, पण वाचन दांडगे. ऑक्सफर्डला अर्ज करावयाचा आहे, असे तिने खाली मान घालूनच सांगितले. जणू काही गैर बोलते आहे. पत्राचा मसुदा सांगून झाल्यावर तिने विचारले, "सर, एकदा प्रवेश मिळाला म्हणजे मग पुढचे सगळे होतेच ना?" मी कामाच्या घाईत "हो, हो" म्हणून मोकळा झालो. ती गेल्यावर मात्र आपण चुकीचे उत्तर दिले, असे वाटू लागले. कारण ऑक्सफर्डला प्रवेश मिळूनही "पुढचे सगळे" व्हावयास तीस वर्षे लागलेली एक विद्यार्थिनी मला ठाऊक होती आणि ती याच नाशिकात जन्मलेली होती. त्या मुलीला द्यावयाचे राहून गेलेले उत्तर म्हणूनच हा लेख लिहीत आहे.

कॉर्नेलिया सोराबजी हिचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिक येथे झाला. वडील सोराबजी खरशेटजी हे पारशी समाजातून ख्रिस्ती झालेले धर्मोपदेशक. त्या सुमारास ते नाशिकच्या मिशनकार्यात होते. आई फ्रान्सिना हिचा सांभाळ एका इंग्रज दांपत्याने केला होता आणि त्या मानलेल्या आजीच्या नावावरूनच मुलीचे नाव कॉर्नेलिया ठेवण्यात आले. घरातील वळण इंग्रजी, वेष पारशी धाटणीच्या साडीचा आणि आजूबाजूची वस्ती मराठी, असा हा संसार होता.

आपण आज ज्याला शरणपूर रोड म्हणतो, त्या रस्त्याच्या नावातील "शरणपूर" ही या मिशनने वसविलेली ख्रिस्ती वसाहत. अरबी समुद्रात गुलामांची वाहतूक करणारी गलबते पकडून इंग्रज आरमार ज्या आफ्रिकन मुलांना सोडवीत असे, त्यांपैकी अनेकांना येथे ठेवून शिक्षण व हातकाम शिकविले जाई. १८६५ साली डेव्हिड लिव्हिंग्स्टन स्वतः नाशिकला आला आणि त्याने आपल्या आफ्रिकेतील प्रवासासाठी येथून काही मुले निवडून नेली. लिव्हिंग्स्टनच्या मृत्यूनंतर त्याच्या शवासोबत १८७४ मध्ये इंग्लंडपर्यंत गेलेला जेकब वेनराइट हा नाशिकच्या याच शाळेचा विद्यार्थी. म्हणजे शिक्षण घेऊन येथून साता समुद्रापार जाणाऱ्यांची परंपरा आपल्या गावी जुनी आहे, हे आपल्यातील फार थोड्यांना माहीत असते. शरणपूरच्या या आठवणीची गरज पुढे पुन्हा एकदा पडणार आहे.

सोराबजी कुटुंब पुढे बेळगावला व नंतर पुण्याला गेले. पुण्यात आईने शाळा काढली. मुलींना उच्च शिक्षण द्यावयाचेच, हा वडिलांचा हट्ट. परंतु थोरल्या बहिणींसाठी त्यांनी खटपट केली तेव्हा मुंबई विद्यापीठात मुलींना मज्जावच होता. १८८३ साली ती आडकाठी दूर झाली आणि कॉर्नेलियाच्या वाट्याला डेक्कन कॉलेज आले. वर्गात सगळे मुलगे, एकटी ही मुलगी. तिने पदवी परीक्षेत प्रथम वर्ग मिळविला. मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर म्हणून तिचे नाव घेतले जाते.

येथे पहिली ठेच लागते. पदवी परीक्षेत अव्वल आलेल्या विद्यार्थ्यास इंग्लंडमध्ये शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळत असे. गुणांच्या हिशेबाने ती कॉर्नेलियाकडे चालत यावयास हवी होती. परंतु शिष्यवृत्ती पुरुषांसाठी आहे, असे सांगून तिला ती नाकारण्यात आली. नियम करणाऱ्यांनी मुलगी पहिली येईल अशी कल्पनाच केलेली नव्हती, आणि ती आली तेव्हा नियम बदलण्याऐवजी त्यांनी मुलीलाच बाजूला सारले. तिने काही काळ अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात मुलग्यांना इंग्रजी शिकविण्याची नोकरी केली. त्या काळी एका तरुण मुलीने पुरुषांच्या कॉलेजात व्याख्याने द्यावीत, हेही काही लहानसहान नव्हे.

इंग्लंडमधील काही मंडळींच्या कानांवर ही हकीकत गेली. लेडी मेरी हॉबहाउस, नॅशनल इंडियन असोसिएशनच्या ॲडलेड मॅनिंग, आपल्याकडे काँग्रेसच्या इतिहासातून परिचित असलेले सर विल्यम वेडरबर्न आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्यासारख्यांनी वर्गणी गोळा केली, आणि नाकारलेल्या शिष्यवृत्तीची जागा या निधीने भरून काढली. १८८९ साली कॉर्नेलिया इंग्लंडला पोहोचली.

सात वर्षांनी, म्हणजे १८९६ मध्ये, पुण्याच्याच फर्ग्युसन कॉलेजचा एक विद्यार्थी सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेला; त्याचे नाव रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. १८९९ साली तो सीनियर रँग्लर झाला आणि "रँग्लर परांजपे" हे नाव घरोघरी पोहोचले. परांजप्यांची बुद्धी असामान्य होती यात वाद नाही. पण त्यांच्या मार्गात परीक्षा तेवढी होती. परीक्षेत यश आले की पदवी, फेलोशिप आणि मायदेशी प्राचार्यपद ही ओळीने येत गेली. याच केंब्रिजात १८९० मध्ये फिलिपा फॉसेट या मुलीने गणितात सीनियर रँग्लरपेक्षाही अधिक गुण मिळविले होते. तिला पदवी मिळाली नाही, कारण केंब्रिज स्त्रियांना पदवीच देत नव्हते. १९४८ पर्यंत तेथील स्त्रियांना पूर्ण हक्काची पदवी नव्हती. जुन्या विद्यापीठांत अभ्यास करू देणे, परीक्षेला बसू देणे आणि पदवी देणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी होत्या.

त्या वेगळ्या कशा, हे समजण्यासाठी ऑक्सफर्डची रचना थोडी पाहावी लागेल. आपल्याकडे विद्यापीठ म्हटले की एक कुलगुरू, एक इमारत आणि तिला संलग्न अशी जिल्हाभरची महाविद्यालये डोळ्यांपुढे येतात. ऑक्सफर्डचे तसे नाही. तेथे अध्यापन १०९६ च्या सुमारास चालू असल्याच्या खुणा आहेत. युरोपात बोलोन्याच तेवढे त्याहून वडील मानले जाते. पुढील शतकांत धर्मगुरूंनी, राजेराण्यांनी आणि धनिकांनी एकेक कॉलेज स्थापिले. प्रत्येक कॉलेजची जमीन निराळी, तिजोरी निराळी, भोजनगृह आणि प्रार्थनामंदिर निराळे. पदवीपूर्व विद्यार्थ्याला निवडते ते कॉलेज. त्याची परीक्षा घेते आणि पदवी देते ते विद्यापीठ. वर्षात आठ-आठ आठवड्यांची तीन सत्रे. म्हणजे प्रत्यक्ष वर्ग चोवीस आठवडेच चालतात, आणि उरलेल्या दिवसांना सुट्टी म्हणत असले तरी ते वाचनाचेच दिवस असतात.

शिकविण्याची पद्धतही निराळी. व्याख्याने असतात, परंतु सारा भर ट्यूटरवर. आठवड्याचा विषय ठरतो, पुस्तकांची यादी मिळते, विद्यार्थी निबंध लिहितो आणि ट्यूटरसमोर बसून तो वाचून दाखवतो. समोर फार तर आणखी एखादा विद्यार्थी. मग ट्यूटर विचारतो, हे विधान कशावरून केले? याला विरुद्ध पुरावा काय? तुमच्या तिसऱ्या परिच्छेदाचा पहिल्याशी संबंध काय? आपल्या येथील विद्यार्थ्याला ही पद्धत पहिले सत्रभर घाबरवून सोडते. साठ जणांच्या वर्गात मागच्या बाकावर लपता येते, पण दोघांच्या खोलीत लपावयास जागा नसते. नोट्स उतरवून घेण्याची आपली सवय तेथे कामाची नाही. माझे स्वतःचे मत असे, की गुण आणि इंग्रजी यांपेक्षा आपले विद्यार्थी या एका गोष्टीत कमी पडतात. आणि ती गोष्ट नाशिकला बसूनही शिकता येण्यासारखी आहे, दोन मित्र आणि एक कठोर वाचक मिळाला म्हणजे पुरे.

ग्रंथालयांचेही एक शास्त्र आहे. बॉडलियन ग्रंथालय १६०२ मध्ये उघडले. ते पुस्तके घरी देत नाही. पुस्तक वाचावयाचे तर तेथेच बसून. वाचक होताना ग्रंथालयात आग वा ज्योत आणणार नाही, अशी प्रतिज्ञा आजही करावी लागते. आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पंख्याखालच्या जागेसाठी होणारी भांडणे पाहिली की ही प्रतिज्ञा आठवून हसू येते.

या जुन्या भिंतींच्या आत कोणी यावे, हे मात्र फार काळ ठरलेले होते. चर्च ऑफ इंग्लंडचा अनुयायी नसलेल्या माणसाला ऑक्सफर्डची बी.ए. पदवी १८५४ पर्यंत मिळत नसे. अध्यापकपदांवरील धार्मिक अटी तर १८७१ च्या कायद्याने गेल्या. म्हणजे हिंदू-मुसलमान सोडाच, कॅथॉलिक आणि ज्यू इंग्रजांनाही हे दार बंद होते. ते उघडल्यावर थोड्याच वर्षांत हिंदी विद्यार्थी येऊ लागले. श्यामजी कृष्णवर्मा बेलियल कॉलेजातून १८८३ मध्ये पदवीधर झाले, तेही कॉर्नेलियाच्या सहा वर्षे आधी. स्त्रियांसाठी लेडी मार्गारेट हॉल व सॉमरव्हिल या दोन वसतिसंस्था १८७९ मध्ये सुरू झाल्या. "वसतिसंस्था" हा शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण त्या काळी त्यांना विद्यापीठाच्या कॉलेजांचा दर्जा नव्हता. मुलींनी तेथे राहावे, अभ्यास करावा, प्राध्यापकाने परवानगी दिल्यास व्याख्यानाला जावे, आणि तेही सोबतीला एखादी वडीलधारी बाई घेऊन. परीक्षा काही विषयांत, पदवी मुळीच नाही.

कॉर्नेलिया सॉमरव्हिलमध्ये दाखल झाली. तिच्या मनात कायदा होता. हिंदुस्थानात पडद्यात राहणाऱ्या विधवा आणि वारसदार स्त्रिया परपुरुषासमोर येत नाहीत, म्हणून वकिलाशी बोलू शकत नाहीत. त्यांच्या इस्टेटी मुनीम आणि दीर परस्पर खाऊन टाकतात. त्यांच्यापर्यंत जाऊ शकेल असा कायदेपंडित स्त्रीच असावयास हवा, हा तिचा विचार होता. परंतु ऑक्सफर्डात कायदा शिकलेली स्त्री तोवर एकही नव्हती. तिच्या पाठीशी उभे राहिले ते बेलियल कॉलेजचे मास्टर बेंजामिन जोवेट. प्लेटोचे भाषांतरकार म्हणून आमच्या तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ते परिचित असतील. नाइटिंगेलबाईंचे ते जुने स्नेही. त्यांच्या शब्दाला विद्यापीठात वजन होते आणि ते वजन त्यांनी या हिंदी मुलीसाठी खर्ची घातले.

काळही कायद्याच्या अभ्यासाला मोठा अनुकूल होता. राज्यघटनेचे भाष्यकार डायसी, न्यायशास्त्राचे पोलक, करारकायद्यावरील ग्रंथाचे कर्ते सर विल्यम अ‍ॅन्सन ही सारी मंडळी तेव्हा ऑक्सफर्डात होती. अ‍ॅन्सन हे ऑल सोल्स कॉलेजचे प्रमुख. या कॉलेजात पदवीपूर्व विद्यार्थीच नसतात, नुसते फेलो असतात. आणि त्यांचे कॉड्रिंग्टन ग्रंथालय कायद्याच्या ग्रंथांसाठी प्रसिद्ध. १८९० मध्ये अ‍ॅन्सन यांनी कॉर्नेलियाला तेथे वाचनासाठी बोलावले. त्या ग्रंथालयात वाचक म्हणून प्रवेश मिळालेली ती पहिली स्त्री होय.

येथे शरणपूरची आठवण करून देतो. ज्या ख्रिस्तोफर कॉड्रिंग्टनच्या नावाने हे ग्रंथालय ओळखले जात असे, तो १७१० साली वारला आणि मृत्युपत्रान्वये त्याने कॉलेजला १०,००० पौंड आणि आपली पुस्तके ठेवली. ही संपत्ती वेस्ट इंडीजमधील साखरमळ्यांतून आलेली होती, आणि ते मळे आफ्रिकन गुलामांच्या श्रमावर चालत. म्हणजे सुटलेल्या गुलामांच्या मुलांना शिकविणाऱ्या मिशनच्या गावात जन्मलेली मुलगी, गुलामांच्या घामातून उभ्या राहिलेल्या दालनात पहिली स्त्री वाचक म्हणून जाऊन बसली. तिला या योगायोगाची जाणीव होती की नाही, हा प्रश्न मी येथे काढीत नाही. त्या कॉलेजला ती व्हावयास मात्र तीन शतके लागली. २०१८ मध्ये ग्रंथालयाच्या प्रवेशापाशी त्या गुलामांच्या स्मरणार्थ फलक लावण्यात आला आणि २०२० मध्ये कॉलेजने ग्रंथालयाला ते नाव लावणे थांबविले.

परीक्षेची वेळ आली ती १८९२ मध्ये. परीक्षा बी.सी.एल. म्हणजे बॅचलर ऑफ सिव्हिल लॉ हिची. नाव "बॅचलर" असले तरी ही पदव्युत्तर परीक्षा आहे. रोमन कायदा, न्यायशास्त्र, इंग्रजी कायदा असा तिचा भारी विस्तार. एका परीक्षकाने स्त्रीची परीक्षा घेण्यास नकार दिला. तेव्हा तिच्या हितचिंतकांनी विद्यापीठाकडे अर्ज केले आणि कॉर्नेलिया सोराबजी हिला परीक्षेस बसू द्यावे, असा तिच्या एकटीपुरता खास ठराव विद्यापीठाने केला. शेकडो वर्षांच्या त्या विद्यापीठात बी.सी.एल. ला बसलेली ती पहिली स्त्री.

निकाल लागला तो तृतीय वर्गाचा.

आपल्याकडे थोरामोठ्यांची चरित्रे लिहिताना अशा गोष्टी वगळण्याची रीत आहे. ती मला मान्य नाही. मुंबई विद्यापीठात अव्वल आलेली मुलगी ऑक्सफर्डला तृतीय वर्गात आली, हे विद्यार्थ्यांना कळलेच पाहिजे. कायदा तिच्या आधीच्या शिक्षणाचा विषय नव्हता. परीक्षेला बसावयास मिळणार की नाही हेच अधांतरी होते. आणि गावी परत जाऊन काय तोंड दाखवायचे, ही वर्गणीवर शिकणाऱ्या प्रत्येकाची धास्ती तिलाही असणारच. तृतीय वर्गाने ती खचली नाही, असे मी म्हणणार नाही. पण पुढचे सारे काम तिने त्याच तृतीय वर्गावर केले.

आणि पदवी? ती मिळालीच नाही. परीक्षा उत्तीर्ण, पदवी नाही. स्त्रियांना पदवी देण्याचा नियमच नव्हता.

मायदेशी परतल्यावर जे झाले ते थोडक्यात सांगतो, कारण ती परदेशी शिक्षणाच्या कहाणीची दुसरी, आणि सहसा न सांगितली जाणारी, बाजू आहे. ऑक्सफर्डचे नाव येथे चालले नाही. सनदेसाठी त्यांनी १८९७ मध्ये मुंबईची एल्‌एल्.बी. ची परीक्षा दिली, १८९९ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षा दिली. दोन्हींत उत्तीर्ण झाल्या, आणि तरीही सनद नाही. न्यायाधीशाच्या परवानगीने कोणीही "व्यक्ती" आरोपीतर्फे उभी राहू शकते, या फौजदारी कायद्यातील सवलतीचा आधार घेऊन १८९६ मध्ये पुण्याच्या न्यायालयात एका स्त्रीचा बचाव त्यांनी केला. संस्थानांत त्यांना काम मिळे. तेथील एक गंमत त्यांनीच सांगितली आहे. एका हत्तीच्या वैरणीच्या इनामाचा दावा त्यांनी राजापुढे चालविला आणि तो जिंकला. पण राजाच्या कुत्र्याला वकीलबाई पसंत पडल्या म्हणून निकाल त्यांच्या बाजूने लागला, असे कळले. ऑक्सफर्डात रोमन कायदा शिकलेल्या बाईंना तो विजय गोड लागला नसावा.

१९०४ मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्‌समध्ये त्यांची नेमणूक झाली आणि मनातील काम हाती आले. बंगाल, बिहार, ओरिसा, आसाम या प्रांतांत पडद्यातील स्त्रियांच्या आणि अज्ञान वारसांच्या इस्टेटी, तंटे, दत्तकविधाने, शिक्षण यांची व्यवस्था त्यांनी सुमारे अठरा वर्षे पाहिली. सहाशेच्या आसपास स्त्रिया व मुलांना त्यांचे साहाय्य झाले, असे मानतात. पालखी, होडी, हत्ती, मिळेल त्या वाहनाने बाई जात. या अनुभवांवर त्यांनी पुस्तके लिहिली. "इंडिया कॉलिंग" हे आत्मचरित्र १९३४ चे.

मग काळ बदलला. १९१९ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये स्त्रियांना वकिलीचा व्यवसाय खुला झाला. १९२० च्या ऑक्टोबरात ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देण्यास प्रारंभ केला. अलाहाबाद हायकोर्टाने १९२१ मध्ये बाईंना वकील म्हणून नोंदवून घेतले. १९२२ मध्ये त्या ऑक्सफर्डला गेल्या आणि तीस वर्षांपूर्वी कमावलेली पदवी त्यांनी हातात घेतली. तेव्हा त्यांचे वय पंचावन्न होते. १९२३ मध्ये लिंकन्स इनने त्यांना बॅरिस्टर केले आणि त्याच वर्षीच्या कायद्याने हिंदुस्थानातही स्त्रियांना वकिलीचा हक्क सर्वत्र मिळाला. मुंबईच्या मिठन टाटा यांच्यासारख्या तरुण मुली त्याच वर्षी बॅरिस्टर होऊन परतत होत्या. जे दार बाईंनी आयुष्यभर ठोठावले, ते त्या पोहोचल्या तेव्हा पुढच्या पिढीसाठी उघडेच होते.

इतके सारे असून नाशिकला त्यांचे नाव ऐकू येत नाही, ते का? याचे एक कारण उघड आहे आणि ते झाकण्यात अर्थ नाही. कॉर्नेलियाबाई ब्रिटिश साम्राज्याच्या कट्टर समर्थक होत्या. गांधीजींच्या चळवळीला त्यांनी विरोध केला. १९२७ मध्ये कॅथरिन मेयोचे "मदर इंडिया" हे पुस्तक निघून देशभर संताप उसळला, तेव्हा त्यांनी मेयोची बाजू घेतली, आणि जी थोडीबहुत लोकप्रियता होती तीही गमावली. माझ्या मते याची मुळे काही अंशी त्या वर्गणीत आहेत. सरकारी नियमाने नाकारले, पण इंग्रज माणसांनी हात दिला. तेव्हा अन्याय तो साम्राज्याचा अपघात आणि उपकार तो साम्राज्याचा स्वभाव, असे त्यांना वाटत राहिले असावे. ज्याने शिकविले त्याच्याविषयीची कृतज्ञता कोठे थांबवावी, हे ठरविणे सोपे नसते.

याच जिल्ह्यातील भगूरचे विनायक दामोदर सावरकर १९०६ मध्ये कायदा शिकण्यास लंडनला गेले, तेही ऑक्सफर्डचे पदवीधर श्यामजी कृष्णवर्मा यांच्यामार्फत मिळालेल्या शिष्यवृत्तीवर. परीक्षा उत्तीर्ण झाले, आणि १९०९ मध्ये ग्रेज इनने त्यांना बॅरिस्टरीची सनद देण्यास नकार दिला, कारण राजकारण. एकाच जिल्ह्यातील दोघे, दोघांचा विषय कायदा, दोघेही परीक्षा होऊन सनदेवाचून राहिलेले. विचारांनी दोघे दोन टोकांना. आपण एकाची जयंती साजरी करतो आणि दुसरीचे नाव विसरतो. राजकारण न पटणाऱ्या माणसाचे विद्यार्थिदशेतील धैर्यही नाकारावे, हे मला पटत नाही. लिंकन्स इनने २०१२ मध्ये त्यांचा अर्धपुतळा बसविला. त्यांचे पुतणे, ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ रिचर्ड सोराबजी, यांनी २०१० मध्ये त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. आपल्या ग्रंथालयात ते मागवावे, अशी सूचना मी नोंदवहीत लिहून ठेवली आहे.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळतो. आज ऑक्सफर्डात स्त्री म्हणून कोणाला अडविले जात नाही. पदवीपूर्व अर्जाची मुदत ऑक्टोबरच्या मध्याला संपते, म्हणजे प्रत्यक्ष प्रवेशाच्या जवळजवळ वर्षभर आधी. पदव्युत्तर अर्ज बहुतेक विषयांत डिसेंबर-जानेवारीत. आपले विद्यार्थी निकालानंतर जूनमध्ये चौकशीला येतात, तेव्हा गाडी कधीच सुटलेली असते. निवड झाली तरी पत्रावर अटी असतात: अंतिम वर्षाचे गुण, इंग्रजीची परीक्षा, आणि सर्वांत कठीण म्हणजे फी आणि राहण्याचा खर्च भागविता येईल याची हमी. शैक्षणिक निवड आणि पैशाची हमी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मिळून दुसरीपाशी अडलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत.

म्हणून शिष्यवृत्तीची चौकशी अर्जाच्या आधीच करावी. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. केंद्र सरकारचीही राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे आणि तिच्यात भूमिहीन शेतमजुरांच्या व पारंपरिक कारागिरांच्या मुलांचाही विचार होतो. ऱ्होड्स शिष्यवृत्ती नावाजलेली. तिच्या दात्याने ती पुरुषांपुरती ठेवली होती आणि स्त्रियांना ती १९७७ पासून मिळू लागली. दात्याचा पैसा दक्षिण आफ्रिकेतील हिऱ्यांच्या खाणींतला. पैसा कोठून आला आणि त्याच्याबरोबर काय अटी आल्या, हे घेणाऱ्याने वाचून पाहावे. नाकारावेच असे नव्हे.

कॉर्नेलियाबाई ६ जुलै १९५४ रोजी लंडनमध्ये वारल्या. त्यांची पत्रे, रोजनिश्या आणि कागदपत्रे ब्रिटिश लायब्ररीत जपून ठेवलेली आहेत. वाचकपत्र काढले की ती पाहता येतात.

या महिन्यात त्या मुलीला शिफारसपत्र दिले. "हो, हो" हे उत्तर परत घेतले आणि वर लिहिलेले सारे तिला सांगितले. आणखी एक काम सोपविले : कधी लंडनला जाणे झालेच, तर त्या कागदांत नाशिकच्या दिवसांविषयी आणि शरणपूरविषयी आईवडिलांचे काय सापडते, ते उतरवून आणावयाचे. तिने वहीत टिपून घेतले आणि विचारले, "सर, पेनाने लिहिलेले चालेल, की टाइप करून पाहिजे?"